फिगर स्केट्स घेताना आधी टाच बघा : ठाण्यात बसून मागवलेल्या बुटांचा वापरानंतरचा अनुभव

बर्फावरचे स्केट्स घ्यायचे असतील तर आधी टाच बघा, बाकी सगळं मागाहून. दिवाळीच्या तोंडावर घेतलेले माझे फिगर स्केट्स (बर्फावर गिरक्या-उड्या मारायचे, खाली ब्लेड असलेले बूट) उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढून आता पुन्हा थंडीला लागलेत. इतक्या महिन्यांनंतर कुणी सल्ला विचारला की मी हेच सांगते. रंग, किंमत, ब्रँड यांवर लोक तासन्‌तास बोलतात, पण टाच बुटात वर उचलली जात असेल तर तो बूट कितीही नावाजलेला असो, तुमच्या पायाचा नाही.

मी ठाण्याची, घोडबंदर रोडला राहते. इनलाइन स्केटिंग, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या बुटांवरचं स्केटिंग, बरीच वर्षं करते आहे. कामासाठी गुरुग्रामला सारखं जाणं होतं आणि तिथे अँबियन्स मॉलमध्ये ‘आयस्केट’ नावाची खऱ्या बर्फाची रिंक आहे, त्यामुळे बर्फाची ओढ लागली. आपल्या देशात अशा जागा मोजक्याच. शिमल्याची रिंक १९२० पासूनची, पण तिथला बर्फ नैसर्गिक, त्यामुळे थंडी सरली की हंगाम संपला. देहरादूनची हिमाद्री २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली, मधली बरीच वर्षं ती बंदच होती. लेहमध्येही बर्फावरच्या स्पर्धा होतात. रिंकच इतक्या कमी, मग बूट पायात घालून बघता येईल असं दुकान ठाण्यात कुठून असणार? मला तरी सापडलं नाही. म्हणजे माप घरी घ्यायचं, बूट बाहेरून मागवायचे आणि ते पायाला बसवून घेण्याचं काम आपणच अंगावर घ्यायचं.

सुरुवातीला मी भाड्याचे स्केट्स वापरले. शेकडो पायांनी ताणलेले असले बूट घोट्यापाशी मऊ पडलेले असतात. लेस कितीही आवळली तरी पाय आतल्या बाजूला कलतो. रिंकवर धडपडणारा जवळजवळ प्रत्येक नवखा म्हणतो, "माझे घोटेच कमजोर आहेत." कृपा करून हे डोक्यातून काढून टाका. बहुतेकांचा घोटा धड असतो, बूट ढिला असतो. नीट बसणाऱ्या बुटात तीच व्यक्ती सरळ उभी राहते, हे मी मैत्रिणींच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. केवळ भाड्याच्या बुटांमुळे कुणी हा खेळ सोडला की मला मनापासून वाईट वाटतं.

आता माप. ते संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. कागद भिंतीला टेकवून ठेवायचा, टाच भिंतीला लावायची, वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवायचं आणि रेघ दुसऱ्या कुणाला तरी मारायला सांगायची. स्वतः वाकलात की पाय पसरतो आणि माप चुकतं. माझा डावा पाय २३८ मिलिमीटर, उजवा २४१. मोठ्या पायाचं माप धरायचं. पण लांबीवर थांबू नका. चवड्याची रुंदी वेगळी मोजा आणि टाचेची वेगळी. आपण जन्मभर घरात अनवाणी आणि बाहेर चपलांत वावरतो. माझाही चवडा चांगला पसरट आहे आणि टाच निमुळती. असा पाय असणारे लोक चवडा दुखतो म्हणून मोठा नंबर घेतात, आणि मग टाच मागे मोकळीच राहते. त्यांनी नंबर वाढवायचा नाही, रुंदी वाढवायची. चांगल्या कंपन्या एकाच नंबरात वेगवेगळ्या रुंदी देतात. जॅक्सनच्या बुटांना बोटांकडे ऐसपैस जागा आणि टाचेकडे आवळ घेर असतो, असा त्यांचा लौकिक आहे. इटलीची एडिया नंबर थेट मिलिमीटरमध्ये देते, ते आपल्यासारख्यांना फार सोयीचं. माझे बूट कुठल्या कंपनीचे हे मुद्दाम लिहीत नाही, कारण ते वाचून तुम्ही तेच मागवाल आणि तुमचा पाय माझ्यासारखा असेलच असं नाही.

नंबराबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. आपल्याकडे चपलेवर ब्रिटिश नंबर असतो, स्केट्सवर बहुधा अमेरिकन. माझी चप्पल ५ नंबरची, म्हणजे अमेरिकन बायकांच्या मापात साधारण ७, आणि स्केट बसला साडेसहाचा. फिगर स्केट नेहमीच्या बुटापेक्षा अर्धा ते एक नंबर लहान लागतो. हॉकीचा स्केट तर एक ते दीड नंबर लहान घ्यावा लागतो. मी चौकशी केली तेव्हा एका ऑनलाइन विक्रेत्यानं बिनधास्त सांगितलं, "मॅडम, एक नंबर मोठाच घ्या, आत लोकरीचे मोजे घालायचे असतात." हा सल्ला अजिबात ऐकू नका. जाड मोज्यात पाय घसरतो, फोड येतात, आणि आवळलेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही म्हणून पाय उलट जास्त गार पडतात. मी गोखले रोडवर शाळेच्या गणवेशाच्या दुकानात मिळणारे पातळ, गुडघ्यापर्यंतचे नायलॉनचे मोजे वापरते. बर्फावर तासभर राहूनही पाय उबदार असतात, कारण पाय हलत असतो आणि बूट जाड असतो.

पार्सल घरी आलं की लगेच टॅग काढू नका. लेस खालपर्यंत सैल करा, पाय आत घाला आणि टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा. मग लेस बांधा. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं बुटाला हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर ती मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. उभं असताना बोटं दुमडत असतील तर बूट लहान, वाकल्यावरही पुढे वळवळायला भरपूर जागा राहत असेल तर मोठा. आता चवड्यावर उभं राहा आणि टाचेकडे लक्ष द्या. ती बुटाच्या तळाला चिकटून राहिली पाहिजे. मी माझे बूट टीव्हीसमोर बसून, उभं राहून, वाकून अर्धा तास पायात ठेवले आणि मगच खोका टाकून दिला. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच बूट ठीक वाटतात, खरं काय ते नंतर कळतं.

टाच छान बसली, चवडाही. त्रास होता तो उजव्या घोट्याच्या आतल्या हाडाचा. तिथे बूट टोचायचा आणि थोड्या वेळानं कातडी लाल व्हायची. असा एकाच जागी बोचणारा बूट परत पाठवायची गरज नसते, तेवढीच जागा बाहेर काढता येते. प्रश्न फक्त नेमकी जागा कळण्याचा. त्यासाठी घोट्याच्या हाडावर ओलं कुंकू लावलं, मोजा न घालता पाय सरळ बुटात उतरवला, लेस बांधली, एकदा वाकले आणि पाय बाहेर काढला. आतल्या अस्तरावर बरोबर तिथेच लाल ठिपका उमटला होता, मी बोटानं चाचपून अंदाज केला होता त्यापेक्षा चांगला बोटभर खाली. त्या ठिपक्याभोवती पेनानं गोल काढला आणि जांभळी नाक्याकडच्या एका चांभारदादांकडे बूट नेला. बर्फावरचा बूट त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, पण चामडं त्यांच्या ओळखीचं. त्यांनी ती जागा बाहेरून बेतानं गरम केली, आतून लाकडी गोळा लावून दाबली आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवली. म्हणाले, "ताई, थोडं थोडं करू. एकदम ओढलं तर परत येणार नाही." दुसऱ्यांदा नेल्यावर टोचणं थांबलं ते आजतागायत. या कामाला मी तज्ज्ञांचंच काम म्हणेन.

बऱ्याच बुटांना उष्णतेनं पायाचा आकार देता येतो. परदेशातल्या दुकानांत त्यासाठी खास ओव्हन असतात, तापमान साधारण ८० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात. आपल्या घरचा ओटीजी त्यासाठी वापरू नका. त्याचा काटा नेमका नसतो, आणि जास्त तापलं तर गोंद सुटतो. मी केस वाळवायच्या ड्रायरनं बूट आतून कोमट केला, पाय घालून लेस बांधली आणि तो गार होईपर्यंत न चालता बसून राहिले. पुढचं काम सवयीचं. ब्लेडवर गार्ड चढवून, योगासनांच्या सतरंजीवर उभं राहून, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत गुडघे वाकवायचे. घोट्यापाशी हळूहळू घडी पडते आणि बूट पायाबरोबर वाकायला लागतो. ही घडी पडायच्या आत बर्फावर दोन-दोन तास राहायची घाई करू नका. आणि नवशिक्यानं उड्या मारणाऱ्यांचा टणक बूट घेऊ नये. तो वाकतच नाही, मग गुडघेही वाकत नाहीत आणि माणूस काठीसारखा ताठ राहतो.

तळपायाच्या कमानीत गोळे येतात ही तक्रार सर्रास ऐकू येते. बूट बरोबर असेल तर दोष बहुधा लेस बांधण्यात असतो. बोटांपाशी नुसती बसती, पाय जिथे घोट्याकडे वळतो तिथे सगळ्यात घट्ट, आणि वरच्या हुकांवर पुन्हा थोडी सैल, अशी मी बांधते. वरती एक बोट आत जाईल इतकी जागा राहिली तर पोटरी पुढे झुकते. दहा-पंधरा मिनिटांनी बूट गरम होतो आणि लेस सैलावते, तेव्हा बाजूला येऊन पुन्हा बांधायची. गोळे गेले.

ब्लेडबद्दल दोन गोष्टी. पहिली म्हणजे त्याला धार लावणं आपल्या गल्लीत सायकलवर येणाऱ्या धारवाल्याचं काम नाही. ते ब्लेड जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते. त्या पन्हळीच्या दोन काठांवर आपण उभे असतो, एक आतला काठ आणि एक बाहेरचा. सुरीसारखी मध्ये धार काढली की ब्लेड वाया गेलं. मी धार रिंकवरच लावून घेते. दुसरी गोष्ट, नवीन ब्लेड आधी थोड्याच स्क्रूंवर बसवतात आणि ती भोकं लांबट असतात, म्हणजे ते डावी-उजवीकडे सरकवता येतं. माझा उजवा पाय सरळ घसरताना सारखा आतल्या काठावर जायचा. तिथल्या प्रशिक्षकांनी ब्लेड किंचित आतल्या बाजूला सरकवून दिलं आणि पाय मधोमध आला. तोवर मी तो पायाचाच दोष समजत होते. म्हणून सगळे स्क्रू पक्के करायच्या आधी बर्फावर काही वेळ घालवाच.

ठाण्याच्या हवेत हे बूट सांभाळणं हा स्वतंत्र उद्योग आहे. बर्फावरून बाहेर आल्यावर गार ब्लेडवर हवेतली वाफ धरते. पुसून झाल्यावर पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा ओलं. दोनदा पुसा, शेवटचा हात स्क्रूंच्या फटींतून फिरवा, मग कापडी कव्हर घाला. प्लॅस्टिकचे गार्ड फक्त चालण्यापुरते, त्यांत ठेवलेलं ब्लेड हमखास गंजतं. विमानात मी हे बूट चेक-इनच्या सामानातच देते आणि घरी आल्या आल्या बॅग उघडते. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चामड्यावर पांढरी बुरशी यायला आठवडा पुरतो. मी आतली गादी काढून वेगळी वाळवते, जीभ पुढे ओढून ठेवते, रात्रभर पंख्याखाली ठेवते आणि मग सिलिका जेलच्या पुड्या आत टाकते. उन्हात किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका. ज्या उष्णतेनं बूट आकार घेतो, तिच्यानंच तो बिघडतोही.

मुलांच्या आईबाबांसाठी थोडं, कारण ठाण्या-नवी मुंबईत इनलाइन शिकणारी मुलं भरपूर आहेत आणि त्यांतली काही बर्फाच्या स्पर्धांकडे वळतात. खर्च पाहून वाढत्या अंगाचे बूट घ्यायचा मोह होतो, ते मला समजतं. बाहेरून मागवलं की पाठवणी आणि सीमाशुल्क धरून आकडा बराच फुगतो. तरीही दोन नंबर मोठा बूट घेऊ नका. लेस सैल करून पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे मोठ्यांचं एक बोट जाईल, इतकीच सूट मुलांना चालते. त्यापेक्षा जास्त जागा राहिली तर मूल तोल सांभाळायला बोटांनी तळ पकडून ठेवतं, आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. पैसे वाचवायचे तर नीट बसणारा वापरलेला जोड घ्या, मुलांचे पाय झपाट्यानं वाढतात म्हणून असे जोड मिळतात. घेताना बूट रिकामा असताना वरचा भाग धरून बाजूला वाकवून बघा. घोट्यापाशी तो सहज लोळला तर त्यातला आधार संपलाय. ब्लेडची उंची मागून-पुढून पाहा, सारखी धार लावून ते झिजत झिजत संपतं. आणि आतलं अस्तर टाचेपाशी हात घालून चाचपा. तिथे खळगा पडला असेल तर आधीच्या मुलाची टाच त्यात हलत होती, तुमच्याही मुलाची हलेल.