विमानतळाजवळचं हॉटेल की शहराच्या मध्यावरचं? बरेच महिने दोन्हीकडे राहिल्यानंतर

सुरुवात शटलपासून, म्हणजे विमानतळ आणि हॉटेल यांच्यात फिरणाऱ्या हॉटेलच्या गाडीपासून करावी लागेल, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. खोल्या दोन्हीकडे साधारण सारख्याच असतात. गाद्या, वायफाय, गरम पाणी याबाबत कुठे फारशी तक्रार नाही. फरक पडतो तो टर्मिनलचं दार आणि हॉटेलचं दार यांच्यामधल्या तीन-चार किलोमीटरमध्ये. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटतं. मध्यरात्री दोन बॅगा घेऊन शटलचा थांबा शोधायची वेळ आली, की तेच अंतर शहरात जाण्याइतका वेळ खातं. म्हणून विमानतळाजवळच्या हॉटेलला गुण देताना आधी त्याच्या शटलला द्यावेत आणि मग बाकी सगळं बघावं.

बुकिंगच्या पानावर ‘मोफत शटल’ एवढंच लिहिलेलं असतं. पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, दर किती मिनिटांनी, आपल्या टर्मिनलवर थांबते का आणि फोन न करता येते का, हे पाच प्रश्न आपणच विचारायचे. अर्ध्या तासाने एक गाडी हे नेहमीचं. त्यातही तीन-चार हॉटेलांची मिळून एकच गाडी असेल, तर ती आधी सगळ्या टर्मिनलांवर फिरते आणि मग एकेका हॉटेलवर थांबते. आपलं हॉटेल शेवटचं असेल, तर चार किलोमीटरला पाऊण तास सहज जातो. काही ठिकाणी शटल फोन केल्यावरच निघतं. म्हणजे परक्या देशात उतरल्या उतरल्या चालू सिम हवं, नाहीतर आगमन कक्षातला हॉटेलांचा फोन शोधायला हवा. थांबा आगमनाच्या मजल्यावर आहे की निर्गमनाच्या, हेही आधीच विचारून ठेवावं. मोठ्या टर्मिनलवर चुकीच्या मजल्यावर वाट बघण्यात एक फेरी हमखास हुकते.

पहाटेची गोष्ट आणखी बिकट. शटल म्हणजे बहुतेक वेळा मिनीबस. माणसं बसतील, पण प्रत्येकाच्या दोन मोठ्या बॅगा मावत नाहीत. त्यामुळे पहाटेच्या फेऱ्यांसाठी आदल्या रात्री रिसेप्शनवर नाव नोंदवावं लागतं, आणि हे चेक-इनच्या वेळी आपणहून सांगणारी हॉटेलं फार कमी. सकाळी साडेचारला गाडी भरलेली दिसली, की टॅक्सी बोलवावी लागते. इतक्या जवळच्या भाड्यासाठी टॅक्सी पटकन मिळत नाही आणि मिळाली तर किमान भाडं लावते. ज्या सोयीसाठी लोक हे हॉटेल निवडतात, तीच नेमकी गरजेच्या वेळी मिळत नाही, याची खरोखर चीड येते.

काही मोठ्या विमानतळांवर रचनाच अशी असते की शटल टर्मिनलपर्यंत येत नाही. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर हॉटेलांची शटलं फेडरल सर्कल या स्थानकावर मिळतात. आधी टर्मिनलवरून एअरट्रेनने तिथे जायचं. ही ट्रेन तिथपर्यंत मोफत आहे, पण थांबण्याचे दोन टप्पे होतात. लंडनच्या हीथ्रोजवळच्या बऱ्याच हॉटेलांकडे स्वतःचं मोफत शटल नाही, तिकीट काढून हॉपा बसने जावं लागतं. चार माणसांचं येणं-जाणं धरलं, तर स्वस्त खोलीतली बचत इथेच उतरणीला लागते.

हॉटेलच्या नावात ‘एअरपोर्ट’ असण्यावर विसंबू नये. अंतर सरळ रेषेत मोजलेलं असतं आणि त्या रेषेत धावपट्टी आडवी असते. नकाशात पायी जायचा मार्ग टाकून बघावा. दीड किलोमीटर दिसतंय आणि पायी मार्ग सहा किलोमीटर येतोय, तर मध्ये महामार्ग किंवा कुंपण आहे. पदपथ सलग आहे का, हे रस्त्याच्या छायाचित्रांत तपासता येतं. याउलट टर्मिनलला खरोखर जोडलेली हॉटेलं असतात आणि त्यांच्याबद्दल माझं मत फार चांगलं आहे. डेन्व्हरला टर्मिनलच्या रेल्वे स्थानकावरच हॉटेल आहे, टोकियोच्या हानेदा विमानतळाच्या टर्मिनल 2 मध्ये आहे, हीथ्रोच्या टर्मिनल 5 ला जोडलेलं आहे. इथे सामानाची ट्रॉली ढकलत थेट काउंटरपर्यंत जाता येतं. फक्त फ्लाइट त्याच टर्मिनलवरून आहे ना, हे बघावं. माद्रिदचं टर्मिनल 4 इतर तिन्हींपासून बरंच लांब आहे, मध्ये मोफत बस आहे. पण पहाटे ती पकडायची तर जोडलेल्या हॉटेलचा फायदा काय उरला?

आता वेळेचं गणित, आणि ते फ्लाइटच्या वेळेपासून मागे करायचं. समजा आंतरराष्ट्रीय फ्लाइट सकाळी सहाची आहे. बऱ्याच विमान कंपन्या सामानाचं काउंटर निघण्याआधी 60 मिनिटं बंद करतात, म्हणजे पाच. रांग आणि सुरक्षा तपासणी धरून टर्मिनलवर चारला पोचायला हवं. हॉटेलचं पहिलं शटल साडेचारचं असेल, तर ते हॉटेल या फ्लाइटसाठी निरुपयोगी आहे. मग ते टर्मिनलपासून दोन किलोमीटरवर असो की वीस. नाश्ताही बहुतेक ठिकाणी साडेसहाच्या आधी सुरू होत नाही. डबा बांधून देतात का, ते रात्रीच विचारावं.

पैशांचं गणित लोक प्रतिरात्र करतात आणि तिथे फसतात. एकक कुठलंही धरा. शहरातली खोली 100, विमानतळाजवळची 70, ट्रेनचं एकेरी तिकीट माणशी 6. दोघं, तीन रात्री. शहरात राहिलं तर 300 अधिक येण्या-जाण्याचे 24, एकूण 324. विमानतळाजवळ राहून तीन वेळा शहरात जाऊन-येऊन केलं, तर 210 अधिक 72, म्हणजे 282. वाचले 42. आता तीच खोली चौघांच्या कुटुंबाने घेतली असं धरा: शहरात 348, विमानतळाजवळ 354. खोलीचं भाडं तेच राहिलं, तिकिटं मात्र डोक्यांवर वाढली. आणि दोघांचे ते वाचलेले 42? एका रात्री शेवटची ट्रेन हुकली आणि टॅक्सीला 40 गेले, की संपले. शिवाय तीन दिवस रोज दोन-अडीच तास प्रवासात गेले ते वेगळेच.

यात आणखी एक छुपा आकडा आहे. काही शहरांत विमानतळाच्या स्थानकावर चढलं किंवा उतरलं की नेहमीच्या तिकिटावर जादा शुल्क लागतं. सिडनीत आहे, माद्रिदच्या मेट्रोत आहे. विमानतळाजवळ राहून रोज तेच स्थानक वापरलं, तर ते रोज भरायचं. सिडनीत मात्र विमानतळाच्या अगदी लगतच्या मॅस्कॉट स्थानकावरचं हे शुल्क 2011 मध्ये काढून टाकलं आहे. म्हणून तिथे टर्मिनलच्या स्थानकाजवळ राहण्यापेक्षा मॅस्कॉटजवळ राहणं कितीतरी शहाणपणाचं. अशी जागा प्रत्येक शहरात नसते, पण शोधून बघायला दहा मिनिटं पुरतात.

इथपर्यंत वाचून विमानतळाजवळचं हॉटेल नकोच असं वाटेल. सुरुवातीचे काही महिने मी वापरलेला नियम वेगळा होता: फिरायच्या रात्री शहरात, शेवटची रात्र विमानतळाजवळ. पुष्कळ लोक आजही हेच सांगतात. आता तो नियम सरसकट वापरणं बंद केलं आहे, कारण तो शहराकडे न बघता लावला जातो. बघायचं ते रात्री ट्रेन चालते की नाही. कोपनहेगनची मेट्रो चोवीस तास चालते आणि मध्यावरून विमानतळ सुमारे पंधरा मिनिटांवर आहे. शिकागोची ब्लू लाइन ही ट्रेन ओ’हेअर विमानतळापर्यंत रात्रभर धावते. अशा ठिकाणी सहाच्या फ्लाइटसाठीसुद्धा शेवटची रात्र विमानतळाजवळ घालवणं म्हणजे एक संध्याकाळ फुकट घालवणं आणि सामानाची एक बांधाबांध वाढवणं. लंडनला मेट्रोची पिकॅडिली लाइन हीथ्रोपर्यंत रात्रभर चालते, पण फक्त शुक्रवारी आणि शनिवारी रात्री, आणि टर्मिनल 4 ला जात नाही. वार बघूनच ठरवावं.

विमानतळ लांब आणि रात्री ट्रेन बंद, अशा शहरांत जुना नियम अजून लागू आहे. टोकियोचं नारिता शहरापासून सुमारे 60 किलोमीटरवर आहे. स्कायलायनर ट्रेन शहरातल्या निप्पोरी स्थानकाहून टर्मिनल 2 ला 36 मिनिटांत पोचवते, पण रात्रभर चालत नाही. क्वालालंपूरला शहरातल्या केएल सेंट्रल स्थानकावरून विमानतळाची एक्सप्रेस 28 मिनिटं घेते, तिचंही तेच. इथे पहाटेच्या फ्लाइटसाठी शहरातून टॅक्सी करणं महाग पडतं. शेवटची रात्र विमानतळावर काढावी, पण टर्मिनलपर्यंत पायी जाता येईल अशाच हॉटेलात.

रात्री उशिरा उतरताना माझा कौल निःसंकोच विमानतळाच्या बाजूने आहे. एक वाजता विमान उतरलं, इमिग्रेशन आणि सामान होईपर्यंत अडीच वाजले, तर शहरात पोचून खोली घ्यायला चार होतील. त्या रात्रीचे पूर्ण पैसे देऊन चार तास झोप. त्यापेक्षा टर्मिनललगतची साधी खोली बरी. मात्र बुकिंगची तारीख जपून टाकावी. 12 तारखेला पहाटे एकला उतरत असाल, तर खोली 11 तारखेची हवी. 12 ची घेतली तर चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला. आणि 11 ची घेतल्यावर उशिरा येणार असल्याचं हॉटेलला लेखी कळवावं. नाहीतर पाहुणा आला नाही असं समजून खोली दुसऱ्याला दिली जाते.

एकापेक्षा जास्त विमानतळ असलेल्या शहरांत आणखी एक फेरतपासणी करावी. टोकियोत हानेदा आणि नारिता, बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर दोन वेगळ्या खंडांत आहेत. उतरताना एक आणि निघताना दुसरा असेल, तर पहिल्या विमानतळाजवळचं हॉटेल निघायच्या दिवशी कामाचं नाही.

शहराच्या मध्यावर राहायचं म्हणजे नक्की कुठे, यावरही बरंच अवलंबून असतं. मुख्य चौकाजवळची महाग खोली घेण्यापेक्षा विमानतळाहून येणाऱ्या गाडीच्या मार्गावरचं स्थानक निवडावं, असं स्थानक की तिथून गाडी बदलायला लागत नाही. हीथ्रो एक्सप्रेस 15 मिनिटांत लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावर सोडते आणि तिथेच संपते. हीथ्रोहूनच निघणाऱ्या एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनला जास्त वेळ लागतो, पण ती टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट अशी पुढे जाते. या स्थानकांपासून पाचशे मीटरच्या आत खोली मिळाली, तर वेगवान ट्रेनच्या जादा पैशांची गरज नाही. पॅरिसला आरईआर बी या ट्रेनच्या मार्गावरचं स्थानक, बँकॉकला एअरपोर्ट रेल लिंकचं फाया थाई किंवा मक्कासान, हा शोध प्रत्येक शहरासाठी एकदाच करावा लागतो. स्थानकाला लिफ्ट आहे का, तेही बघून ठेवा. जड बॅग घेऊन तीन जिने चढलं की जवळचं स्थानकही लांब वाटतं.

आवाजाची भीती उलटी निघाली. विमानतळाजवळच्या बऱ्याच हॉटेलांत जाड दुहेरी काचा असतात आणि खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे झोप शहरातल्यापेक्षा चांगली लागते. शहरात रात्री दोनपर्यंत रस्ता जागा आणि पहाटे कचऱ्याची गाडी. फ्रँकफर्टला रात्री 11 ते पहाटे 5, सिडनीत रात्री 11 ते सकाळी 6 उड्डाणांवर निर्बंध आहेत. जिथे निर्बंध नाहीत तिथे रात्रभर मालवाहू विमानं येतात, म्हणून धावपट्टीच्या विरुद्ध बाजूची खोली मागावी.

फक्त विमान बदलायचं असेल, तर इमिग्रेशनच्या आतलं ट्रान्झिट हॉटेल बघा. दोहा आणि सिंगापूरच्या चांगीला अशी हॉटेलं आहेत. काही तासांसाठी खोली मिळते आणि शटलचा प्रश्नच येत नाही. अट एवढीच, की सामान थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत टॅग झालेलं हवं. ते ताब्यात घेऊन पुन्हा द्यायचं असेल, तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं आणि व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत ही सोय धरून चालू नये. तिथे परदेशातून येऊन पुढचं विमान पकडणाऱ्यालाही आधी इमिग्रेशन पार करावं लागतं.