जेमवर १४ महिने माल दिला, त्याचा अनुभव

जळगाव एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, मी, मोठा भाऊ आणि ६ कामगार, स्टीलची कपाटं आणि रॅक बनवतो. आधी सगळा माल फर्निचरच्या दुकानदारांना जायचा आणि उधारी आमच्या डोक्यावर, म्हणून जेमवर, म्हणजे सरकारी ऑफिसांच्या खरेदीच्या पोर्टलवर, उतरलो. १४ महिन्यांत ११ ऑर्डरी दिल्या. नवीन येणारा प्रत्येक जण बिड, म्हणजे ऑनलाइन निविदा, कशी जिंकायची तेच विचारतो, पण मला विचाराल तर खरी कसोटी माल गाडीत चढवल्यानंतर लागते.

नोंदणी सोपी आहे, पॅन, आधार, जीएसटी, उद्यम (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), बँक खातं, झालं. कॅटलॉगला मात्र वेळ द्या. पत्र्याची जाडी, कप्प्यांची संख्या, पावडर कोटिंग, जे भराल तेच पुढे मोजून घेतात, अंदाजे भरू नका.

खरेदीच्या पायऱ्या अशा की ५० हजारांपर्यंत अधिकारी थेट घेऊ शकतो, त्याच्या वर १० लाखांपर्यंत किमान ३ वेगवेगळ्या उत्पादकांचा माल तुलना करून सगळ्यात कमी दरवाल्याकडून, आणि त्याच्याही वर बिड किंवा रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे दर खाली उतरवत जायची बोली. जुन्या व्हिडिओंमध्ये २५ हजार आणि ५ लाख सांगतात, ते आधीचे आकडे आहेत. १० लाखांच्या आतली असली तरी खरेदीदार बिड काढू शकतो, आमच्या बऱ्याच ऑर्डरी तशाच आल्या.

दर टाकताना एक चूक सगळे करतात, आम्हीपण केली. जेमवरचा दर सगळं धरून असतो, जीएसटी, भाडं, उतराई, सगळं. शेडमधला दर टाकला आणि गाडीभाडं खिशातून गेलं. आता आधी ठिकाण बघतो, भुसावळ असेल तर वेगळा हिशोब, नंदुरबारच्या पुढे असेल तर वेगळा.

उद्यमचा फायदा खरा आहे, पण तो माल बनवणाऱ्याला, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. आम्हाला अनामत माफ होते. दुसरं म्हणजे सगळ्यात कमी दर मोठ्या कंपनीचा असला आणि आपला दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर त्याच दराला उतरून काही भाग घेता येतो. आमची पहिली मोठी बिड अशीच लागली, ४० कपाटं, त्यांचा दर ८,४०० आणि आमचा ९,१००, आम्ही ८,४०० ला तयार झालो आणि २५ टक्के म्हणजे १० कपाटं आली. सुटलं फार नाही, पण कामाचा दाखला मिळाला, पुढच्या बिडमध्ये अनुभव मागतात तिथे तोच लावतो.

आता मुख्य गोष्ट. माल पोचला की ४८ तासांत पीआरसी, म्हणजे माल मिळाल्याची पावती, मग १० दिवसांत तपासून सीआरएसी, म्हणजे माल स्वीकारल्याचा दाखला, आणि त्यानंतर १० दिवसांत पेमेंट. नियम चांगला आहे, पण सुरुवात माल घेणाऱ्या ऑफिसच्या लॉगिनपासून होते. साक्री तालुक्यात एका ठिकाणी १२ कपाटं घेऊन गेलो, पहाटे ५ ला गाडी काढली, एरंडोल, पारोळा, धुळे करत ९ ला हजर, तर कारकून म्हणतो, "साहेब नही शेतस, सोमवारले या भाऊ." ड्रायव्हर दोन फेऱ्यांचं भाडं मागतोय, वर ऊन तापायला लागलेलं. शेवटी माल उतरवून दिला, डिलिव्हरी चलनावर नुसती सही घेतली, नाव नाही, तारीख नाही. तिथेच फसलो. पुढे एका कपाटाच्या कोपऱ्याला ओरखडा निघाला, ना माल नाकारला, ना सीआरएसी काढली, ५ आठवडे तसेच गेले. भाऊ रंगाची बाटली घेऊन स्वतः जाऊन आला, कोपरा दुरुस्त केला, तरी नाही. मग चलन आणि फोटो लावून जेम पोर्टलवर इन्सिडंट, म्हणजे तक्रार, टाकला, तेव्हा कुठे फाइल हलली.

आता चलनावर शिक्का, नाव, हुद्दा, तारीख आणि "माल सुस्थितीत मिळाला" हे त्यांच्याच हाताने लिहून घेतल्याशिवाय गाडी परत फिरत नाही, आणि उतरवलेल्या प्रत्येक नगाचा फोटो तिथेच काढतो. लहान उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांच्या वर अडलं तर एमएसएमई कायद्याने चक्रवाढ व्याज मागता येतं, त्यासाठी सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. आमच्या भागात संबंध बिघडतील म्हणून कोणी करत नाही. मी करणार, कारण कामगारांचा पगार ७ तारखेलाच द्यावा लागतो.

खर्चाचं म्हणाल तर १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरीला जेम काही घेत नाही, त्याच्या वर ०.३० टक्के. अडीच लाखांच्या वरच्या कंत्राटावर २ टक्के जीएसटी टीडीएस कापतात, तो जीएसटी पोर्टलवर स्वीकारून घ्या, बरेच जण विसरतात.

उशीर करू नका, दर आठवड्याला अर्धा टक्का दंड कापतात, १० टक्क्यांपर्यंत. आणि बिडमध्ये खरेदीदाराच्या जादा अटींची पीडीएफ असते ती पूर्ण वाचा. ऑर्डर २५ टक्के कमी किंवा जास्त करायचा हक्क खरेदीदाराला असतो, तोही त्याच दरात. आत्ता आमच्याकडे ८० रॅकचे १०० झालेत, पत्रा मधल्या काळात महागला, तरी देतोय, कारण या ऑफिसने मागच्या वेळी सीआरएसी तिसऱ्या दिवशी काढली होती.