लाकडातील ओल मोजायला आलेल्या माणसाने मला कसे फसवले

नाशिकच्या गंगापूर रोडवरचे आमचे घर तळमजल्यावर आहे आणि पावसाळ्यात त्याच्या भिंती हाताला गार लागतात. या घरात माझ्या आजोबांनी घडवून घेतलेले सागवानी कपाट आहे. 1969 साली गोदावरीला महापूर आला, तेव्हा ते सराफ बाजाराजवळच्या आमच्या वाड्यात होते आणि त्याचा खालचा खण पाण्यात बुडाला होता; तरीही सावलीत सावकाश वाळून ते धड राहिले. पुरातून वाचलेले हे कपाट गेल्या जुलैत एका माणसाच्या पॉलिशच्या पाच लिटरच्या डब्याने खराब केले, आणि त्याचे साडेअठरा हजार रुपये मीच मोजले.

‘फर्निचरची मोफत ओलावा तपासणी’ असा कागद सोसायटीच्या फाटकावर लावलेला होता. कपाटाचे ड्रॉवर अडकत होते, म्हणून मी फोन केला. आलेला तरुण बोलायला अतिशय नम्र होता. बूट बाहेर काढून तो आत आला, कपाटाला हात लावून म्हणाला, “काका, असा साग आता मिळत नाही,” आणि तिथेच माझा अर्धा विश्वास त्याने मिळवला. मग त्याने पिशवीतून फडका काढून लाकूड ‘धूळ बसते म्हणून’ तीन-चार ठिकाणी पुसले आणि त्याच जागी दोन सुयांचे यंत्र टोचले. आकडा आला 29. यंत्र लाल झाले. “बारापेक्षा जास्त म्हणजे लाकूड आतून कुजायला लागले आहे, दिवाळीपर्यंत वाळवी धरेल,” असे त्याने सांगितले.

यंत्र बनावट नव्हते, आणि म्हणूनच मी फसलो. असे यंत्र दोन सुयांमधील लाकडाचा विद्युतरोध मोजते. लाकूड जितके ओले, तितका रोध कमी आणि आकडा मोठा. सुया जेमतेम काही मिलिमीटर आत जातात, त्यामुळे पृष्ठभाग नुकताच ओल्या फडक्याने पुसलेला असेल तर आकडा त्या फडक्याचा येतो. पुढे मी तसेच यंत्र विकत आणून पाहिले: न पुसता 16, पुसल्यावर 30. पावसाळ्यात 16 हा आकडाही घाबरण्यासारखा नाही, कारण लाकूड हवेतील ओल घेत-सोडत असते. हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असली की लाकडातील ओल 16 टक्क्यांपर्यंत जाते आणि कोरड्या दिवसांत आपोआप उतरते. कूज धरण्यासाठी ती साधारण 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहावी लागते. ड्रॉवर अडकत होते तेही याच कारणाने, कारण लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. आई दर वर्षी म्हणायची, “दसऱ्यानंतर सुटतील,” आणि ते सुटायचे. हे मला ठाऊक असूनही त्या लाल दिव्यापुढे आठवले नाही, याची अजून लाज वाटते.

बावीस हजारांचे काम ‘आजच केले तर’ साडेअठरात, असे ठरले. बाहेर पाऊस पडत असताना त्याने दोन तासांत पुढच्या बाजूला उग्र वासाचे पॉलिश मारले. पाठीमागची बाजू आणि ड्रॉवरचे तळ त्याने सोडून दिले. “तिकडे कोण बघतंय, काका?” पण ओल बघत नाही, शिरते, आणि एकाच बाजूला पॉलिश असले की दोन बाजू कमी-जास्त फुगून फळी वाकते.

चौथ्या दिवशी कपाटावर पांढरट धुके आले. आमच्या जुन्या सुतारांनी ते पाहून कपाळावर हात मारला. दमट हवेत थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प पॉलिशच्या थरात अडकते आणि पॉलिश पांढरे पडते. म्हणून ते भर पावसात हे काम हातीच घेत नाहीत. त्यांनी कपाट भिंतीपासून तीन बोटे पुढे ओढले, दारे दिवसा उघडी ठेवायला सांगितली आणि बाकी सगळे डिसेंबरवर टाकले. या सल्ल्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. डिसेंबरात जुना थर घासून काढून आतून-बाहेरून चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश केले, त्याचा खर्च वेगळा.

दहा वर्षांच्या हमीच्या कार्डावरील फोन तोपर्यंत बंद झाला होता. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मी नंतर मोजला तर तो 14 अक्षरांचा निघाला. खरा 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावाची आहे ते दिसते. पैसे देण्यापूर्वी हे पाहायला मला दोन मिनिटे लागली असती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. परंतु समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे ते फक्त यूपीआयवर दिसलेले एक नाव. म्हणून त्या कागदाचा फोटो, पावती आणि पैसे पाठवल्याची नोंद मी जपून ठेवली आहे.

वरचे दोन ड्रॉवर आता सुरळीत चालतात. तिसऱ्याचा तळ वाकलेला आहे.