यकृताचे रुग्ण आणि कोविड : एका आंतरराष्ट्रीय रुग्णनोंदणीचे परीक्षण

लिव्हरचा आजार असलेल्यांना कोरोनाचा धोका जास्त आहे, असे 2020 च्या सुरुवातीला सगळेच सांगत होते. पण कोणता आजार, तो किती पुढे गेलेला आणि धोका नेमका किती, याचे उत्तर मिळत नव्हते. ते शोधण्यासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठातून ‘कोविड-हेप’ आणि अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून ‘सिक्युअर-सिरोसिस’ अशा दोन रुग्णनोंदण्या त्याच वर्षी सुरू झाल्या. चाचणीतून कोविड निश्चित झालेल्या यकृतरुग्णाची माहिती डॉक्टरांनी ओळख न देता ऑनलाइन अर्जात भरायची, असे या सेवेचे स्वरूप होते. माझ्या थोरल्या भावाचे यकृत प्रत्यारोपण झालेले असल्यामुळे मी ही माहिती बारकाईने वाचत आलो आहे आणि तिची उपयुक्तता मी फार वरची मानतो.

या दोन नोंदण्यांच्या एकत्रित माहितीचा मोठा गुण असा, की तिने ‘लिव्हरचे पेशंट’ असा एकच गठ्ठा ठेवला नाही. 29 देशांतील 745 रुग्णांच्या विश्लेषणात सिरोसिस (यकृतात कायमचे व्रण होऊन ते कडक होणे) नसलेल्यांपैकी 8 टक्के, तर सिरोसिस असलेल्यांपैकी 32 टक्के रुग्ण दगावले. सिरोसिसमध्येही चाइल्ड-प्यू वर्गानुसार, म्हणजे सिरोसिस किती गंभीर आहे हे सांगणाऱ्या श्रेणीनुसार, हे प्रमाण ‘ए’मध्ये 19, ‘बी’मध्ये 35 आणि ‘सी’मध्ये 51 टक्के होते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातील पाणी आणि यकृतामुळे येणारी गुंगी किंवा भ्रम या पाच गोष्टींवरून हा वर्ग ठरतो, आणि अनेकदा तो डिस्चार्ज कार्डावर एका अक्षरात लिहिलेला असतो. घरच्यांनी मात्र ते अक्षर काय सांगते, हे कधी विचारलेलेच नसते.

मला त्याहून मोलाची वाटलेली नोंद वेगळी आहे. सिरोसिसच्या 46 टक्के रुग्णांची यकृताची स्थिती संसर्गात एकाएकी ढासळली, म्हणजे पोटात पाणी वाढणे किंवा भान हरपणे अशी लक्षणे दिसली, आणि अशा रुग्णांपैकी 21 टक्के जणांना त्या वेळी खोकला, दम यांसारखा श्वसनाचा काहीही त्रास नव्हता. पोट फुगले म्हणून आणलेल्या सिरोसिसच्या रुग्णाचीही कोविड चाचणी करावी, हा त्यातून निघणारा धडा किती जिवांच्या उपयोगी पडला असेल! मृत्यूचे मुख्य कारण मात्र बहुतेकांत, 71 टक्के रुग्णांत, फुप्फुसांचे निकामी होणे हेच होते. मद्यामुळे झालेला यकृतविकार हा स्वतंत्रपणे धोका वाढवणारा घटक ठरला.

प्रत्यारोपण झालेल्यांविषयीच्या निष्कर्षाने आमच्या घराला मोठा धीर दिला. अशा 151 रुग्णांच्या अभ्यासात निव्वळ प्रत्यारोपणामुळे मृत्यूचा धोका वाढल्याचे दिसले नाही. वाढते वय, रक्तातील जास्त क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण) आणि यकृताबाहेरचा कर्करोग यांचा मात्र मृत्यूशी संबंध दिसला. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या भीतीपोटी परस्पर बंद करण्याचा विचार ज्यांच्या मनात डोकावला असेल, त्यांना हे वाचायला मिळणे फार गरजेचे होते.

उणिवाही सांगायला हव्यात. नोंद ऐच्छिक असल्याने रुग्णालयापर्यंत पोहोचलेले, अधिक आजारी रुग्णच यात जास्त येणार आणि घरीच बरे झालेले बरेचसे निसटणार; म्हणून ही टक्केवारी प्रत्येक रुग्णाचे भाकीत म्हणून वाचू नये. शिवाय ती लसीकरणापूर्वीची आहे. सर्व मजकूर इंग्रजीत आणि डॉक्टरांना उद्देशून असल्यामुळे रुग्णाच्या नातेवाइकाला तो समजावून देणारा कोणी तरी लागतोच. आपल्या पेशंटचा चाइल्ड-प्यू वर्ग माहीत नसेल, तर पुढच्या तपासणीला जाताना जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत आणि तो डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्यावा. त्याशिवाय या आकड्यांतील कोणता आपल्याला लागू पडतो, हेच कळत नाही.