बर्मा लेमन की आफ्रिकेची गजरी? इंदूरच्या छोट्या मिलवाल्यासाठी हिशेब

मावसभावाची सांवेर रोडला छोटी डाळ मिल आहे आणि दरवर्षी दसऱ्याच्या आसपास त्याचं एकच रडगाणं असतं, माल नाही. निमाडी तूर संपलेली, करेली-गाडरवाराकडे जी काय उरलीय ती मोठ्यांनी दाबून ठेवलेली, आणि महाराष्ट्र सफेद घ्यायला जावं तर रेट ऐकूनच हातातला चहा गार होतो. म्हणून यंदा त्याच्या डोक्यात आलंय की बाहेरची तूर घ्यायची, आणि मला विचारतोय बर्मा की आफ्रिका. मी छावनीत, म्हणजे इंदूरच्या धान्य मंडीत, बरीच वर्षं मिलवाल्यांचे आयातीचे कागद सांभाळतोय, तर त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतो, अजून कोणी याच विचारात असेल तर बघा.

आधी माल. परवा त्याच्या टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत बर्माची तूर, जिला बाजारात लेमन म्हणतात, दाणा फिकट, एकसारखा, मुठीत घेतला तर खुळखुळतो. दुसरीत मोझांबिकची गजरी, नावाप्रमाणे लालसर, बारीक, आणि वाटीभर मालात दोन खडे आणि कसली तरी काडी निघाली. दाताखाली धरली तर दोन्ही कोरड्या, पण दळायला घेतली की फरक कळतो, गजरीत चुरी जास्त पडते, डाळीचा उतारा कमी. आपल्याकडे डाळीचा रेट सवा नंबर, फूल, बोल्ड असा वर चढत जातो ना, तर गजरीची डाळ सवा नंबरच्या वर विकायची स्वप्नं बघू नका भिया. लेमन मात्र देशी तुरीत मिसळली तर चांगल्याचांगल्यांना ओळखू येत नाही. आमच्या आईला येते, ती वरणाचा पहिला घास घेऊनच सांगते की आज बाहेरची डाळ आहे, पण सगळी गिऱ्हाइकं आईसारखी नसतात.

म्हणजे मालात बर्मा पुढे, आणि बहुतेक लोक इथेच निर्णय करून टाकतात, माझं म्हणणं आहे की इथेच चूक होते, कारण खरी गोष्ट महिन्याची आहे. बर्मा आपल्यासारखाच उत्तर गोलार्धात, तिथलं नवं पीक जानेवारी-फेब्रुवारीकडे यायला लागतं आणि नेमकी तेव्हाच आपली गुलबर्ग्याची, लातूर-अकोल्याची तूर मंडीत ओतलेली असते. मोझांबिक, मलावी, टांझानिया विषुववृत्ताच्या खाली, तिथली कापणी जुलै-ऑगस्टच्या पुढे, माल आपल्या बंदरात लागतो सप्टेंबर ते डिसेंबर. तुझी मिल रिकामी कधी असते? ऑक्टोबरमध्ये. मग लेमन कितीही गोड असली तरी ऑक्टोबरमध्ये जी मिळते ती कोणाच्या तरी गोदामात आठ महिने पडून राहिलेली, म्हणजे व्याज आणि कीड दोन्ही आपल्या माथी.

ड्युटीचं सगळे विचारतात. त्यात काहीच फरक नाही, २००८ मध्ये भारताने अल्पविकसित देशांसाठी ड्युटी-फ्री स्कीम काढली, पुढे ती वाढवत ९८ टक्के वस्तूंपर्यंत नेली, आणि म्यानमार, मोझांबिक, मलावी, टांझानिया हे चारही त्यात बसतात. म्हणूनच मार्च २०२३ मध्ये अख्ख्या तुरीवरची १० टक्के ड्युटी काढली तेव्हा पेपरात मोठी बातमी आली आणि छावनीत कोणी मान वर करून पण पाहिलं नाही, माल येत होता तो आधीच माफीतला. फक्त सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशातला आहे याचा दाखला, बरोबर पाहिजे. केनिया त्या यादीत नाही हे लक्षात ठेवा.

आता सरकारा-सरकारांतलं नातं, कारण तुरीत शेवटी तेच नडतं. २०१५ मध्ये डाळ २०० रुपये किलोला गेली होती आठवतंय ना, त्यानंतर जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले आणि करार झाला, एक लाख टनांपासून सुरू करून दोन लाख टनांपर्यंत तूर आपण घेऊ असा. तिथल्या शेतकऱ्याने मन लावून पेरली. आणि झालं काय, २०१६-१७ मध्ये आपल्याकडेच तुरीचं विक्रमी पीक आलं, इथे भाव पडले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांचा कोटा लावला. करारातला माल त्यातून वगळला होता, पण बाजाराला जो धक्का बसायचा तो बसलाच, तिकडे भाव कोसळला. मोझांबिकमध्ये तूर फार कोणी खात नाही, बर्मामध्ये पण नाही, दोघंही पिकवतात ती आपल्यासाठी. गिऱ्हाईक एकच असलं की काय होतं ते दुकानदाराला समजावून सांगायला लागत नाही. नंतर मे २०२१ मध्ये आयात मोकळी केली, मोझांबिकचा दोन लाखांचा करार पुढे वाढवला आणि मलावीशी ५० हजार टनांचा, म्यानमारशी एक लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद असे पाच वर्षांचे करार केले. तर भारत तिकडे जातो मदत करायला वगैरे जे आपण ऐकतो ते असेल, पण तुरीपुरतं बोलायचं तर आपण जातो आपल्या वरणासाठी.

गुंतवणुकीकडे बघितलं तर आफ्रिकेत आपलं जास्त काही अडकलेलं आहे, आणि मला ही गोष्ट मिलवाल्याच्या दृष्टीने पण महत्त्वाची वाटते, कारण बंदरापर्यंतची रेल्वेही त्यातच येते. मोझांबिकच्या रोवुमा गॅस प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम, ऑइल इंडिया मिळून ३० टक्के आहेत, २०२१ मध्ये तिथल्या काबो देल्गादो प्रांतातल्या हल्ल्यांनंतर ते काम थांबलं होतं. मोझांबिकमधलीच मोआतिझेची कोळसा खाण आणि तिच्यासोबत तिथल्या नाकाला नावाच्या बंदरापर्यंतची रेल्वे २०२२ मध्ये ब्राझीलच्या ‘वाले’ कंपनीकडून जिंदाल गटाच्या व्हल्कनने घेतली, आणि ही लाईन मलावीतून जाते, म्हणजे मलावीच्या मालासाठी समुद्राकडे जायचा तो एक रस्ता आहे. मलावीला समुद्रच नाही ना. 

बर्मामध्ये उलट. सरकारी पैसा भरपूर घातला, सित्वे बंदरातून मिझोरामपर्यंत रस्ता काढायच्या कलादान प्रकल्पाचा करार २००८ चा, सित्वे बंदर चालू झालं मे २०२३ मध्ये, आणि त्या रखाईन प्रांतात लढाई. तूर येते यांगूनहून चेन्नई नाहीतर मुंबईला, तिला सित्वेचा काही उपयोग नाही. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथे निर्यातदाराला डॉलर सरकारी दराने बदलून घ्यायला लावले, त्यामुळे तिकडचा व्यापारी आज एक रेट सांगतो आणि उद्या फोन उचलत नाही. जानेवारी २०२४ पासून डाळीसाठी रुपयात पेमेंटची सोय झाली, पंजाब नॅशनल बँकेतल्या स्पेशल व्होस्ट्रो खात्यातून, म्हणजे तिकडच्या बँकेच्या इथल्या रुपयातल्या खात्यातून, ऐकायला छान आहे, छोट्या मिलवाल्याची बँक मात्र अजून आ करून बघते. टांझानियाशी पण रुपयात व्यवहाराची मुभा आहे, पण माझ्यासमोर जेवढे सौदे झाले ते डॉलरमध्येच.

मग आफ्रिका एकदम सरळ का? अजिबात नाही. २०२३ च्या शेवटी शेवटी नाकाला बंदरात तुरीचा माल तिथल्याच व्यापाऱ्यांच्या भांडणात आणि कागदांच्या घोळात अडकून पडला होता, इथे रेट चढत होते आणि तिथे कंटेनर उभे. आमच्याच एका पार्टीचे दोन कंटेनर त्यात होते. हिशेब सांगतो, एका २० फुटी कंटेनरमध्ये साधारण २४ टन धरा, दोन म्हणजे ४८० क्विंटल, रेट समजा ७,००० तर ३३ लाख ६० हजार. महिना एक टक्का व्याज म्हणजे ३३,६००, क्विंटलमागे ७० रुपये. दोन महिने अडकला की १४० गेले, वरून डेमरेज, म्हणजे अडकलेल्या कंटेनरचा दंड, आणि ज्या स्वस्ताईसाठी आफ्रिका घेतली ती तिथेच अर्धी संपली. पार्टीने मला त्या दिवाळीला मिठाईच पाठवली नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर मोझांबिकमध्ये दंगे, रस्ते बंद, परत तेच.

म्हणून आफ्रिका म्हणजे एकटा मोझांबिक धरू नका. टांझानियाच्या तुरीतली अरुषा आणि मटवारा दोन्ही बघा, अरुषाचा दाणा मला गजरीपेक्षा बरा वाटतो, तिथे आता बरीचशी विक्री गोदाम पावती आणि लिलावाने होते त्यामुळे भाव थोडा जास्त पण माल कोणाचा हे स्पष्ट. मलावी रेड स्वस्त, पण शेजारच्या देशाच्या बंदरातून येणार. सुदानचं एप्रिल २०२३ पासूनच्या युद्धात नावच घेऊ नका.

आणि दोन्हीकडे लागू असलेली भीती म्हणजे स्टॉक लिमिट, सरकार घालतं ती साठ्याची मर्यादा. जून २०२३ मध्ये लावली तेव्हा होलसेलरला २०० टन, मिलवाल्याला तीन महिन्यांचं उत्पादन किंवा क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त ते, आयातदाराला ३० दिवसांत माल काढायचा. सप्टेंबरमध्ये होलसेलरचे २०० चे एकदम ५० केले. नोटिफिकेशन रात्री येतं आणि सकाळी छावनीत सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी असतात. ज्याचा माल समुद्रात आहे त्याने काय करायचं, त्याला नांगर टाकून थांबता येत नाही.

भावाला मी शेवटी हे सांगितलं. पहिल्या वर्षी स्वतः आयात करू नकोस, ना यांगूनहून ना नाकालाहून. ऑक्टोबरमध्ये मुंबई डिलिव्हरीची अरुषा घे, एक कंटेनर, बंदरात लागलेला माल, सॅम्पल हातात घेऊन, चुरी किती पडते ते आपल्याच मिलमध्ये एक पोतं चालवून बघ मगच बाकीचं पेमेंट कर. हाय सी सेलवाले जहाजातला माल पन्नास-साठ रुपयांनी स्वस्त देतात, नको म्हण. मंडी टॅक्सचं काय चालू आहे ते ट्रक निघायच्या आधी विचारून घे, नंतर नाही. लेमन घ्यायचीच असेल तर मार्चमध्ये, देशी आवक बघून, तीही ब्रँडवाल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर हातात असेल तर, कारण तो दाण्याचे पैसे देतो. सुट्ट्या मालावाल्याला सवा नंबरचा रेट द्यायचाय, त्याला लेमन देऊन तू कोणावर उपकार करणार?

तो म्हणाला ठीक आहे, आणि गजरीची वाटी परत पिशवीत ओतताना त्यातले ते दोन खडे उचलून माझ्यासमोर टेबलावर ठेवले.