किब्बरच्या बर्फासाठी सोलापुरात रुळवलेले हंटिंग बूट : काही महिन्यांच्या वापरानंतर

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकार बंद झाली, पण ‘हंटिंग बूट’ म्हणून विकले जाणारे उंच बूट हिमाचलमधल्या स्पितीत हिमबिबट्या पाहायला जाणाऱ्यांच्या नेमके कामाचे आहेत. खडकाळ उतारावर थोडं चालायचं, मग दुर्बीण लावून तासन्‌तास एका जागी उभं राहायचं, यासाठीच ते बनवलेले असतात. हा जोड पूर्ण चामड्याचा, आठ इंच उंचीचा, आत वॉटरप्रूफ पडदा आणि 400 ग्रॅमचा उबदार थर असलेला. (400 ग्रॅम हे बुटाचं वजन नव्हे, त्या थराच्या एका चौरस मीटरचं.) दिवसभर चालायचा केदारकंठासारखा ट्रेक असेल तर हा घेऊ नका, पाय घामाने भिजतील आणि थांबलात की तोच घाम गार पडेल. तिथे 200 ग्रॅम किंवा बिनथराचा बूट बरा.

बोटं गारठली की लोक थराला दोष देतात. बहुतेक वेळा बूट आवळलेला असतो. जाड मोज्यांचे दोन जोड कोंबले की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, मग 800 ग्रॅमचा थरसुद्धा काही करू शकत नाही. म्हणून सगळी मेहनत मापावर घ्या.

बूट संध्याकाळी बघा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पण खरेदी हिवाळ्यात करा. मे महिन्यात 42 अंशांत पाय इतका सुजलेला असतो की एक नंबर मोठाच बरा वाटतो, आणि तोच बूट स्पितीतल्या किब्बर गावात 14,000 फुटांवर टाचेत खेळायला लागतो. तिथे घालणार तेच लोकरीचे मोजे दुकानात न्या. सुती मोजे नकोत. आधी आतली गादी काढून तिच्यावर उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे 12 ते 15 मिलिमीटर जागा हवी. चवडा गादीच्या कडेबाहेर जात असेल तर मोठा नंबर घेऊन उपयोग नाही, रुंद फर्म्याचा, म्हणजे रुंद साच्यावर बनवलेला बूट हवा. वर्षभर चपलेत वावरणाऱ्या आपल्या पायांना ही अडचण हमखास येते. मग लेस सैल ठेवून पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. लेस बांधून उतारावर चाला. नवी पेठेतल्या दुकानात उतार कुठला मिळणार, पण जिना किंवा गाडी चढवायचा रॅम्प चालतो. उतरताना बोटं पुढे टेकली तर बूट परत ठेवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या उतारावर नख काळं पडेल. नव्या चामड्यात टाच अर्धा सेंटिमीटर उचलली तर चालेल, त्याहून जास्त उचलली तर फोड येणारच. यूके मापात लागोपाठच्या दोन नंबरांत साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो, त्यामुळे अर्धा नंबर फार महत्त्वाचा. दुकानात तो नसेल तर मागवून घ्या, पण ‘वापरून सैल होईल’ यावर विसंबू नका. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही.

सोलापूर सपाट, त्यामुळे नुसत्या फिरण्याने बूट रुळत नाही. आधी घरात तासभर, मग सिद्धेश्वर तलावाभोवती, मग पाठीवर वजन घेऊन जिना आणि शेवटी येडशी-रामलिंगचा घाट, असा क्रम चांगला लागू पडला. आपल्या उन्हात वॉटरप्रूफ पडदा घाम बाहेर टाकायला पुरा पडत नाही. मोजे ओले झाले की लगेच बदला, ओल्या कातडीला बूट लवकर चावतो.

लेस बांधताना घोट्याच्या वळणावर दुहेरी पीळ द्या. त्यामुळे खालचा भाग सैल आणि वरचा घट्ट ठेवता येतो. एका जागी उभं राहायचं असेल तेव्हा चवड्यावरची लेस मुद्दाम ढिली करा. बोटं हलती राहतात आणि फरक काही मिनिटांत जाणवतो.

तक्रारी दोन. सोबत आलेली गादी पातळ आहे, लगेच बदलावी लागली. बदलल्यावर माप पुन्हा तपासा, जाड गादी बुटातली उंची खाते. दुसरं म्हणजे वरच्या हुकांची जोडी वापराने वाकली. पकड मात्र ओल्या खडकावर आणि दबलेल्या बर्फावर पक्की आहे. काळ्या मातीत खाचा भरून जातात, तेव्हा काडीने साफ करत राहावं लागतं.

ओला बूट बुखारीशेजारी (खोली गरम करायच्या शेगडीशेजारी) किंवा उन्हातल्या पत्र्यावर वाळवू नका. चामडं तडकतं, डिंक सुटतो. गादी काढून आत वर्तमानपत्र कोंबा आणि सावलीत ठेवा. घेताना बनावटीची तारीखही बघा. पॉलियुरेथेनचा मधला सोल हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेला बूट, एकदाही न घालता, चालता चालता भुगा होतो.