गोल्ड ब्रासच्या नावाखाली पिवळं पितळ: ट्रॉम्बोन घेणाऱ्या पथकांनो, आधी भोंग्याच्या आत बघा

दोन ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं, म्हणजे स्लाइडचं, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य), नगाला ३८,५०० रुपये. २०,००० आगाऊ, ५७,००० माल गाडीत चढवल्यावर, वर ट्रान्सपोर्टचे १,२४०. एकूण ७८,२४० रुपये गेले आणि पदरात पडलं साधं पिवळं पितळ, वरून तांबूस लॅकर, म्हणजे चकचकीत वार्निश, मारलेलं. लग्नसराई तोंडावर आहे. जालना, परभणी, नांदेडची बँड पथकं आता वाद्यं घेतील, म्हणून हे लिहितोय.

विकणाऱ्याने कबूल केलं होतं असं: साडेआठ इंची भोंगा, गोल्ड ब्रासचा, एका पत्र्याचा, हाताने ठोकलेला, बोअर (नळीचा आतला व्यास) ०.५४७ इंच.

गोल्ड ब्रास म्हणजे सोन्याचा मुलामा नव्हे, सोनेरी लॅकर तर नव्हेच. तो मिश्रधातू आहे: साधारण ८५ टक्के तांबं, १५ टक्के जस्त. पिवळ्या पितळेत हेच प्रमाण ७०–३०, रोझ ब्रासमध्ये ९०–१०. तांबं वाढलं की सूर गोल आणि भरीव लागतो असा वाजवणाऱ्यांचा अनुभव; पिवळ्या पितळेचा सूर उजळ लागतो. पण बोअर आणि भोंग्याचा उतार यांचा परिणाम धातूपेक्षा मोठा असतो. कोणी फक्त धातूचं गुणगान करत असेल आणि मापं सांगायला टाळत असेल, तर तिथूनच उठा.

व्हिडिओ कॉलवर त्याने भोंग्याला चुंबक लावून दाखवलं. "चिकटतंय का? अस्सल आहे." चुंबक न चिकटल्याने एवढंच कळतं की ते लोखंड नाही. पिवळं पितळही चिकटत नाही, जर्मन सिल्व्हरही नाही. हे आम्हाला ठाऊक होतं. तरी पुढे बोललो नाही, कारण तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्या घेऊन बसलो होतो आणि जुन्या वाद्याची स्लाइड पार गेली होती.

मग त्याने भोंगा उजेडाकडे फिरवला. काठ तांबूस, आणि आत खोल, जिथे लॅकरचा फवारा पोचत नाही, तिथे फिकट पिवळा पत्रा. काठापासून चार बोटं आत एक गोल रेघ. दोन-तीन सेकंद ते सगळं स्क्रीनवर होतं. आतलं पितळ तिथंच उघडं पडलं होतं, आणि आम्ही मात्र विचारत बसलो की पेटी सोबत देणार का!

ती गोल रेघ म्हणजे सांधा. एका पत्र्याच्या भोंग्यात पत्रा पंख्यासारखा कापून वळवतात, लांबीच्या बाजूने झाळतात, मग साच्यावर ठोकून फिरवतात. त्याचा सांधा उभा जातो. गोल सांधा दिसला की नळी आणि फुलोरा (भोंग्याचं पसरट तोंड) वेगवेगळे करून जोडलेले. तसा भोंगा वाईट असतोच असं नाही, चांगले कारागीरही तसे बनवतात. पण तो एका पत्र्याचा म्हणून विकणं ही लबाडीच. आमच्यातल्या एका नगाची झाळही कच्ची निघाली: मधला एफ हा सूर जोरात धरला की भोंगा झणझणतो, सांध्यावर बोट दाबलं की थांबतो. काठाच्या घडीत घातलेली तार सैल असली तरी अशीच खरखर येते. काठावर बोटाची टिचकी मारून बघा.

बोअर आतल्या स्लाइडच्या नळीत कॅलिपर घालून मोजा. ०.५४७ इंच म्हणजे १३.९ मिलिमीटर. आमचं भरलं १२.७. जाड दांड्याचं माउथपीस त्यात बसतच नाही.

पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. "हा दिवाणी मामला आहे." "विकणारा परराज्यातला, तिकडे जा." "माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली?" दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर तिथेही, पैसे तुम्हीच पाठवले. हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. तिसऱ्या खेपेला ते कलम छापून नेलं, कागद न वाचता परत दिला. ग्राहक तक्रारीची चौकशी केली तर टेबलावरचे साहेब म्हणाले, "बँड म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही." अहो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहकच धरलाय! घरच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. हे त्यांना आम्ही सांगायचं?

बिलावर "संगीत वाद्य २ नग" एवढंच आहे, तिथे आमचं घोडं अडलंय. धातू, बोअर, भोंग्याचं माप, एक पत्रा की दोन, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. कॉल रेकॉर्ड करा.

आणि फसलाच असाल तर लॅकर खरवडू नका, पॉलिशला देऊ नका, पुरावा जातो. आम्ही भोंग्याच्या आतली बोटभर जागा चिंचेने घासली आणि शेजारी घरातला पितळी तांब्या तसाच घासून ठेवला. दोन्हींचा रंग एकच. तो फोटो तक्रारीला जोडलाय.